आगाऊ दिलेला शब्द

नवरात्राची धांदल संपून दिवाळीची चाहूल लागली होती. सायंकाळची आरती झाली, तीर्थप्रसाद वाटून झाला, मंडळी पायऱ्या उतरू लागली. पण सभासदांपैकी एक कुटुंब सभामंडपात रेंगाळत राहिले. गृहस्थ बँकेत नोकरीस, गृहिणी शाळेत शिक्षिका आणि कन्या बारावीत शिकणारी. आमच्या तीर्थरूपांना काही विचारावयाचे आहे हे त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसतच होते. मुहूर्त विचारावयास आले असतील असे आम्हांस वाटले, आणि एका अर्थी ते खरेही होते. अमेरिकेतील एका महाविद्यालयाकडे अर्ज धाडावयाचा होता, आणि त्याची शेवटची तारीख १ नोव्हेंबर होती. वडील मंडळी दिवस कोणता चांगला याची चौकशी करीत असताना मुलीने मध्येच विचारले, "गुरुजी, सही करून शब्द दिला आणि पुढे तो पाळता आला नाही, तर ते पाप होईल का?"

आम्ही निरांजने गोळा करीत होतो, ती तशीच राहिली. देवळात पापपुण्याचे प्रश्न नेहमी विचारले जातात, परंतु ते बहुधा झालेल्या गोष्टींविषयी असतात. पाऊल टाकण्याआधी विचारणारे विरळा. त्या प्रश्नाचा विचार त्या रात्री सुरू झाला तो अद्याप संपलेला नाही, म्हणून तो आज वाचकांपुढे मांडीत आहोत. आमचे शिक्षण शालान्त परीक्षेपाशी थांबले आहे. महाविद्यालयांच्या प्रवेशाविषयी आम्ही अधिकारवाणीने बोलावे असे नाही; पण शब्द देणे व शब्द पाळणे हा विषय पदवीधरांच्याच मालकीचा आहे असेही नाही.

आधी हा प्रकार काय आहे ते सांगितले पाहिजे. अमेरिकेत पदवीच्या वर्गात प्रवेश मिळविण्यासाठी साधारणपणे जानेवारीच्या आरंभापर्यंत अर्ज करावयाचे, मार्चअखेरीस उत्तरे यावयाची, आणि आलेल्या होकारांतून एक निवडून १ मेपर्यंत कळवावयाचे, असा क्रम आहे. याखेरीज दुसरा एक मार्ग आहे, त्यास 'अर्ली डिसिजन' म्हणतात. आपण त्यास आगाऊ निर्णय म्हणू. त्यात अर्ज नोव्हेंबरच्या १ किंवा १५ तारखेपर्यंत जातो व उत्तर डिसेंबरच्या मध्यास येते. मात्र असा अर्ज एकाच महाविद्यालयाकडे करता येतो, आणि त्यासोबत लेखी कबुली द्यावी लागते की, तुम्ही मला घेतलेत तर मी तुमच्याकडेच येईन व इतरत्र केलेले सर्व अर्ज मागे घेईन. या कबुलीवर विद्यार्थ्याची सही, पालकांची सही आणि शाळेतील मार्गदर्शकाची सही, अशा तीन सह्या लागतात. कोलंबिया, कॉर्नेल, ब्राउन, डार्टमथ, पेनसिल्व्हेनिया या नामांकित विद्यापीठांत ही पद्धत आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन येथे आगाऊ अर्ज घेतात, पण त्यावर असे बंधन घालीत नाहीत.

मग कोणी हे बंधन गळ्यात का घालून घ्यावे? कारण उघड आहे. बांधून घेणाऱ्यास प्रवेश मिळण्याचा संभव अधिक. अ‍ॅव्हरी, फेअरबँक्स व झेकहाउसर या तिघा अभ्यासकांनी २००३ साली या विषयावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. आगाऊ अर्ज करणाऱ्यास मिळणारा लाभ हा १६०० गुणांच्या प्रवेशपरीक्षेत सुमारे १०० गुण जास्त मिळविण्याइतका आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. महाविद्यालयांनाही ते सोयीचे. कोण येणार आणि कोण नाही याची धाकधूक उरत नाही. डिसेंबरातच वर्गाचा मोठा भाग निश्चित होतो. काही ठिकाणी निम्म्याच्या आसपास जागा अशाच भरतात. पैशाची मदत किती मिळणार हे मात्र निवड झाल्यावर कळते. म्हणजे शब्द आधी द्यावयाचा आणि भाव मागून कळावयाचा.

हे ऐकून कोणी म्हणेल की, ही अमेरिकेची गोष्ट, हिमायतनगरात तिचे काय? (हिमायतनगर म्हणजे हैदराबादेतले आमचे, नांदेड जिल्ह्यातील त्याच नावाच्या तालुक्याची मंडळी आपल्याकडे लग्नकार्याला येतात तेव्हा हा खुलासा नेहमीच करावा लागतो.) लिबर्टी चौकापासून नारायणगुड्याकडे चालत निघावे आणि दोहों बाजूंच्या पाट्या वाचाव्यात. परदेशी शिक्षणाचा सल्ला देणाऱ्यांच्या पाट्या दिसतील. आणि खाली, रस्त्याच्या पातळीवर, शिकवणीवर्गांच्या व खासगी ज्युनिअर कॉलेजांच्या जाहिराती दिसतील. त्यांचा खाक्या निराळा नाही. दहावीचा निकाल लागण्यापूर्वीच, कित्येकदा परीक्षेपूर्वीच, पालकांकडून पाच-दहा हजार रुपये घेऊन जागा 'राखून' ठेवण्याची चाल आपल्या शहरात रूढ झाली आहे. वेळापत्रक जाहीर होण्याआधी प्रवेश देऊ नयेत असे तेलंगणातील इंटरमिजिएट मंडळ वेळोवेळी बजावते. पण पालक भितात व पैसे भरून येतात. आपल्या जुन्या व्यवहारात यास इसार म्हणत. घर घेताना, बैल घेताना इसार देत. तथापि बैलाचे दात मोजून मगच इसार द्यावयाचा, एवढे शहाणपण आपल्या आजोबांजवळ होते.

त्या मुलीला तीर्थरूपांनी जे उत्तर दिले ते आधी सांगतो. ते म्हणाले, "बाळ, सही करण्याआधी विचारलेस हे फार बरे केलेस. मला एवढेच सांग, तेथे किती पैसे लागतील ते त्यांनी सांगितले आहे का?" ती म्हणाली, "निवड झाल्यावर सांगतात, गुरुजी." तेव्हा ते काही वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी आपल्याच धंद्यातली गोष्ट काढली.

लग्नसराईत एकाच मुहूर्तावर दोन घरची बोलावणी येणे भिक्षुकास नवे नाही. ज्याची सुपारी आधी घेतली त्याच्याकडे जावयाचे, हा आमच्या घरचा नियम. मागून येणारा यजमान अधिक दक्षिणा देऊ करतो, मोटार पाठवितो म्हणतो; तरीही जावयाचे पहिल्याकडेच. एकदा जुन्या मलकपेठेतील एका लहानशा घरची सुपारी घेतल्यावर दुसरीकडून चौपट दक्षिणेचे बोलावणे आले. त्या वर्षी घरात पैशाची ओढ होती; आमच्या मातोश्रींनी तसे बोलूनही दाखविले. तीर्थरूप मलकपेठेस गेले. ही गोष्ट आम्ही पुष्कळदा ऐकली होती आणि तिचा अर्थ एकच आहे असे समजून चाललो होतो. पण त्या संध्याकाळी त्यांनी तिच्यापुढे एक वाक्य जोडले, ते पूर्वी कधी ऐकले नव्हते. ते म्हणाले, "मलकपेठेच्या यजमानाने सुपारी देतानाच दक्षिणा किती हे सांगितले होते. न सांगता सुपारी दिली असती, तर मी ती घेतली नसती."

आमच्या मते सर्व प्रश्नाचे मर्म येथे आहे. शब्दाला किंमत आहे ती देणाऱ्याला आपण काय देतो हे ठाऊक असते म्हणून. अंधारात दिलेला शब्द हा शब्दच नव्हे असे आम्ही म्हणत नाही; परंतु त्याचे ओझे एकट्या देणाऱ्यावर टाकणे न्यायाचे नाही. जो भाव झाकून ठेवतो आणि आधी हात पुढे करावयास सांगतो, त्याच्याकडेही त्या कराराचे अर्धे उत्तरदायित्व जाते. हे त्या पद्धतीच्या चालकांनाही अगदीच मान्य नाही असे नाही. मिळालेली मदत पुरेशी नसेल, तर तेवढ्या कारणासाठी विद्यार्थ्यास बंधनातून मोकळे व्हावयाची मुभा तेथे आहे. परंतु ती मुभा वापरताना आपल्याकडील माणसे लाजतात, आणि ज्यांनी लाजावे ते लाजत नाहीत. तोही भाग सांगितला पाहिजे.

परदेशी शिक्षणाचा सल्ला देणारे काही जण पालकांना उघड सांगतात की, सही करून टाका. पुढे दुसरीकडे बरे मिळाले तर सोडून द्या. ते काही सातासमुद्रापलीकडून तुमच्यावर फिर्याद लावावयास येत नाहीत. एका गृहस्थाने तर आम्हांस महाभारताचा दाखला दिला. कर्णपर्वात युधिष्ठिर रागाच्या भरात अर्जुनास म्हणतो की, गांडीव दुसऱ्या कोणास देऊन टाक. असे म्हणणाऱ्याचा वध करीन ही अर्जुनाची गुप्त प्रतिज्ञा. तो तलवार उपसतो. तेव्हा कृष्ण त्यास आवरतो, सत्याचे अवडंबर माजवून अनर्थ करणाऱ्या कौशिकाची कथा सांगतो, आणि वाट काढून देतो: वडीलधाऱ्यास 'तू' म्हणून अवमानणे हाच त्याचा वध होय, तेवढे कर म्हणजे प्रतिज्ञा राहिली. "पाहा," ते गृहस्थ म्हणाले, "भगवंतांनीच पळवाट दाखविली आहे!"

हा दाखला आम्हांस मुळीच पटला नाही. त्या प्रसंगी प्रतिज्ञा पाळली असती तर निरपराध थोरल्या भावाचा प्राण गेला असता. ती सैल केली ती दुसऱ्याचा जीव वाचविण्यासाठी. आणि तसे करताना अर्जुनाला इतकी लाज वाटली की तो स्वतःच मरावयास निघाला, व कृष्णाला दुसऱ्यांदा समजूत घालावी लागली. येथे वाट काढावयाची आहे ती कशासाठी? अधिक नावाजलेले महाविद्यालय मिळाले म्हणून. आणि त्याचा घाव कोणावर? वर सांगितलेल्या तीन सह्यांपैकी तिसरी शाळेची आहे. महाविद्यालय हैदराबादेतल्या बापावर फिर्याद लावीत नाही हे खरे. परंतु पुढच्या वर्षी त्याच शाळेतून अर्ज आला की त्या मार्गदर्शकाच्या सहीकडे तेथे कोणत्या नजरेने पाहतील? शब्द मोडणारा मुलगा निघून जातो. त्याची किंमत त्याच बाकावर पुढे येऊन बसणारी मुलगी भरते, आणि कशाची भरली हे तिला कधी कळतही नाही. फिर्याद होत नाही म्हणून शब्द मोडावा, हा विचार ज्याने मुलास सतराव्या वर्षी शिकविला, त्याने पुढे त्या मुलाच्या शब्दावर स्वतः तरी विसंबू नये.

तेव्हा डोळे उघडे ठेवून शब्द दिला असेल तर तो पाळावा. घरची ऐपत आहे, सर्व खर्च सोसवेल हे आधीच हिशेबून पाहिले आहे, आणि मुलाचे मन एकाच ठिकाणी जडले आहे, अशांनी जरूर आगाऊ अर्ज करावा. त्यात कमीपणा काही नाही. पण या वाक्यातच एक काटा आहे, तो आम्हांस टोचत राहतो. डोळे उघडे ठेवणे कोणास परवडते? ज्यास भाव विचारावयाची गरज नाही त्यास. श्रीमंताचा मुलगा निर्धास्त सही करतो आणि लाभ घेतो. मध्यम स्थितीतला, चार ठिकाणची मदत तोलून पाहणे ज्यास भाग आहे, तो त्या लाभास मुकतो. प्रामाणिकपणाची परीक्षा सर्वांची सारखीच, परंतु प्रश्नपत्रिका निरनिराळ्या, असा हा प्रकार आहे. हार्वर्ड व प्रिन्स्टन यांनी २००६ साली याच कारणासाठी आगाऊ अर्ज घेणे थांबविण्याचे जाहीर केले होते. इतर बहुतेकांनी त्यांचे अनुकरण केले नाही, आणि २०११ साली दोघांनी ते पुन्हा सुरू केले; मात्र बंधनावाचून. अमेरिकेतील कायद्याप्रमाणे २०११ पासून महाविद्यालयांना आपल्या संकेतस्थळावर खर्चाचा अंदाज काढण्याचे साधन ठेवावे लागते, पण ते तेथील विद्यार्थ्यांसाठी बनविलेले असते. परदेशातून येणाऱ्या मुलांना त्याचा भरवसा धरता येत नाही. आणि ऐपत न पाहता परदेशी मुलांची निवड करणारी महाविद्यालये तेथे मोजकीच आहेत.

आपल्याकडे सर्वच अंधार आहे असे मात्र नव्हे. आयआयटी व एनआयटीच्या जागा २०१५ पासून जोसा या एकाच मंडळामार्फत वाटल्या जातात. तेथे मिळालेली जागा पैसे भरून स्वीकारता येते आणि 'फ्लोट' असे कळवून वरच्या पसंतीची वाटही पाहता येते. वरची मिळाली की खालची आपोआप सुटते आणि दुसऱ्या कोणास मिळते. कोणास फसवावे लागत नाही, कोणाचा शब्द मोडत नाही. या रचनेच्या मुळाशी जे गणित आहे ते गेल व शॅप्ली या दोघा अमेरिकन गणितज्ञांनी १९६२ साली एका लहानशा निबंधात मांडले होते. शॅप्ली यांना त्याबद्दल २०१२ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. गंमत अशी की, त्या निबंधाचे दोन विषय होते, महाविद्यालयांतील प्रवेश आणि विवाह! त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, आलेल्या मागणीला एकदम कायमचा होकार देऊ नये. सर्वांत बरी ती हाती ठेवावी, बाकीच्यांना नकार द्यावा, आणि सर्वांच्या मागण्या येऊन संपल्या की मगच गाठ पक्की करावी. आपल्याकडे पत्रिका पाहणे, पसंती कळविणे, साखरपुडा आणि मग विवाह, अशा ज्या पायऱ्या आहेत त्या पाहता, हे गणित आपल्या आजीबाईंना अगदीच अनोळखी वाटले नसते. महाराष्ट्रात अकरावीच्या केंद्रीय प्रवेशात पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर तेथेच प्रवेश घ्यावा लागतो, हेही बंधनच. पण ती यादी विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेली असते व शुल्क किती ते आधी पाहता येते, म्हणून त्या बंधनाविषयी आमची तक्रार नाही. तसेच विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली नियम केला आहे की, प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेपूर्वी १५ दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश सोडल्यास शुल्क पूर्ण परत करावे, प्रक्रियेपोटी फार तर ५ टक्के आणि तेही ५,००० रुपयांपर्यंतच कापावे, आणि मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवू नयेत. हे आपल्या सभासदांपैकी कित्येकांना ठाऊक नसते, म्हणून मुद्दाम सांगितले. पदवी महाविद्यालयात प्रमाणपत्रांसाठी हेलपाटे घालणाऱ्यांनी त्या नियमाचे नाव घेऊन पाहावे.

येथपर्यंत आम्ही दुसऱ्यांच्या शब्दांविषयी लिहिले. आपल्याविषयी न लिहिणे अप्रामाणिक होईल. दहावीचा निकाल लागण्याच्या आधीच्या उन्हाळ्यात तीर्थरूप आजारी होते. पहाटेची पूजा आम्ही करीत होतो. एके दिवशी त्यांच्या अंथरुणाशी बसून आम्ही सांगून टाकले की, देवळाचे काम पुढे आम्हीच सांभाळू, शिक्षण आता पुरे. त्यांनी मागितले नव्हते. जून महिन्यात निकाल लागला तो आमच्या कल्पनेपेक्षा पुष्कळच चांगला. शिक्षक घरी येऊन गेले. तीर्थरूपांनी आम्हांस बोलावून स्पष्ट सांगितले की, तू तापलेल्या मनाने बोललास, मी ते शब्द म्हणून घेतलेच नव्हते, तू मोकळा आहेस. त्यानंतर आठ दिवस आम्ही विचार केला आणि राहिलो. हे आम्ही फुशारकीने सांगत नाही. त्या आठ दिवसांत काही रात्री आम्हांस मुळीच झोप लागली नाही, आणि आजही आमच्या वयाची मुले पदवीच्या झग्यातली छायाचित्रे देवापुढे ठेवावयास आणतात तेव्हा मनात काही हलत नाही असे नाही. पण पहिल्या शब्दापेक्षा त्या आठ दिवसांनंतरचा शब्द आम्हांस आपला वाटतो. वडिलांनी सोडले नसते तर तो तसा वाटला असता की नाही, हे सांगता येत नाही.

म्हणून पालकांना आमची एक विनंती आहे. त्या कागदावर तुमचीही सही असते. मूल तुमच्या चेहऱ्याकडे पाहून शब्द देते. तुम्ही नातेवाइकांना अगोदरच सांगून ठेवलेले असते, महाविद्यालयाचे नाव लिहिलेला सदरा मागविलेला असतो; अशा घरात सतरा वर्षांच्या मुलाने 'मला अजून ठरवावयाचे नाही' असे कसे म्हणावे? सही करण्यापूर्वी त्यास एकदा एकांतात विचारावे, आणि 'नाही' हे उत्तर आले तर जेवणाच्या पानावर तो विषय पुन्हा काढू नये. आणि पैशाचा आकडा मुलापासून लपवू नये. घर गहाण पडणार असेल तर ते त्यास कळले पाहिजे.

गेल्या काही वर्षांत आमच्या पाहण्यात आलेल्या दोन घरांची हकीकत सांगून थांबतो. एका मुलाने आगाऊ सही केली. डिसेंबरात निवड झाली, पेढे वाटले गेले, देवळात अभिषेक झाला. मग मदतीचा आकडा आला; तो गरजेच्या निम्माही नव्हता. वडिलांनी जमीन विकण्याचा विचार केला, पण मुलानेच नको म्हटले. त्यांनी महाविद्यालयास सर्व हिशेब लिहून कळविले व मोकळीक मागितली, ती मिळाली. सगळे नियमाप्रमाणे, सरळपणे झाले. तरीही ते कुटुंब दोन महिने देवळात फिरकले नाही, कारण वाटलेल्या पेढ्यांची त्यांना लाज वाटत होती. शेवटी तीर्थरूप स्वतः त्यांच्या घरी गेले आणि तेथेच जेवून आले. तो मुलगा आता येथेच, हैदराबादेत, अभियांत्रिकी शिकतो आहे.

दुसरी ती मुलगी. तिने सही केली नाही. जानेवारीत तिने पाच ठिकाणी साधे अर्ज केले, त्यांत तेही महाविद्यालय होते. मार्चअखेरीस तेथून नकार आला. आगाऊ अर्ज केला असता तर होकार आला असता का, हे कोणास सांगता येणार? आला असता तर भाव काय निघाला असता, हेही कळणे नाही. दुसऱ्या एका महाविद्यालयाने तिला घेतले आणि बरीच मदत दिली. ते तिच्या यादीत चौथे होते. निघण्यापूर्वी ती नमस्काराला आली. तीर्थरूपांनी आशीर्वाद दिला, हातावर नारळ ठेवला. आम्ही बाजूला उभे होतो. तिला विचारावे असे फार वाटत होते की, त्या संध्याकाळी येथे आलीस याचा तुला पश्चात्ताप तर होत नाही ना? तोंडून निघाले ते एवढेच की, सामान किती किलो नेऊ देतात? ती म्हणाली, "दोन बॅगा, दादा, तेवीस-तेवीस किलोच्या. आईने एकीत सगळे मसालेच भरले आहेत."